‘कंपनी लाइफ जॅकेट परत घेतेय’ म्हणाले आणि माझी ४२ चांगली जॅकेटं घेऊन गेले

हे लिहायची लाज वाटते. पण मालवणपासून देवगडपर्यंत माझ्यासारखे बोटवाले पुष्कळ आहेत, आणि ती माणसं अजून मोकळी फिरतायत, म्हणून लिहितो.

माझ्या दोन बोटी आहेत. डॉल्फिन दाखवायच्या फेऱ्या मारतो. मोठीवर २५ प्रवासी नि २ खलाशी, लहानीवर १३ नि २. माणसागणिक एक, म्हणजे ४२ जॅकेटं. त्यातली ३० एका कंपनीची, १,४५० रुपयांना एक. उरलेली १२ जुनी, दुसऱ्या कंपनीची, १,१०० ची. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत नीलकमल या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, त्यानंतर किनाऱ्यावर सगळीकडे जॅकेटांची तपासणी कडक झाली. व्हायलाच हवी होती. पण त्यामुळे जॅकेटाचा विषय निघाला की आमच्या पोटात गोळा येतो, आणि हे त्या चोरांना बरोबर ठाऊक होतं.

गेल्या दिवाळीत, वसुबारसेच्या आदल्या दिवशी, दोघेजण छोटा हत्ती टेम्पो घेऊन थेट जेटीवर आले. गळ्यात ओळखपत्र, हातात रंगीत छापलेलं पत्र. माझ्या ३० जॅकेटांच्या कंपनीचं नाव, शिक्का, लॉट नंबर, सगळं त्यावर. ‘या लॉटच्या फोममध्ये दोष निघालाय, कंपनी माल परत मागवतेय, जॅकेट फुकट बदलून मिळेल. फक्त नव्या सर्टिफिकेटचा आणि टॅक्सचा फरक ४८० रुपये नग, आणि १०,००० अनामत, ती महिन्याभरात खात्यावर परत.’ माझ्याकडे कोणत्या कंपनीची जॅकेटं आहेत हे त्यांना कसं कळलं, याचं तेव्हा मला नवल वाटलं होतं. आता कळतं. गिऱ्हाइकं फोटो टाकतात, त्यात छातीवरचं नाव सरळ वाचता येतं.

मी अडाणी नाही. २२ वर्षं या धंद्यात आहे. पत्र दोनदा वाचलं. पण दुसऱ्या दिवसापासून पाडव्यापर्यंतचं बुकिंग भरलेलं होतं, आणि सदोष जॅकेटं घालून लोकांची पोरं पाण्यात नेण्याची माझी तयारी नव्हती. माझ्या काळजीवरच त्यांनी डाव टाकला. याला हाव म्हणणाऱ्याने माझ्या जागी उभं राहून बघावं.

आणि तरीही. ती १२ जॅकेटं! ती दुसऱ्याच कंपनीची होती. पत्रात त्यांचा उल्लेख असणं शक्यच नव्हतं. मी स्वतः म्हटलं, ‘ही तुमची नाहीत हो.’ तो हसून म्हणाला, ‘असू द्या काका, दिवाळी आहे, तीही बदलून देतो.’ आणि मला आनंद झाला! तिथे, त्या क्षणी, हात धरून थांबवायला हवं होतं. एका कंपनीचा दोष दुसऱ्या कंपनीच्या मालाला कसा लागेल? लॉट नंबर तर त्याने एकाही जॅकेटाचा वाचला नाही, नुसते गठ्ठे बांधत होता. रात्री झोप लागत नाही तेव्हा ते ‘असू द्या काका’ कानात वाजतं.

४२ गुणिले ४८०, म्हणजे २०,१६० रुपये मोबाईलवरून दिले, १०,००० रोख. एकूण ३०,१६०. वर माझा ५६,७०० रुपयांचा खरा माल गेला. पावती मिळाली, तिच्यावरचा जीएसटी क्रमांक मी तपासला नाही. तुम्ही तपासा, संकेतस्थळावर दोन मिनिटांत कळतं.

नवी जॅकेटं दिसायला झकास होती. नऊ दिवस त्यांच्यावर फेऱ्या मारल्या. भाऊबीज उलटल्यावर खलाशाने खारं काढायला चार जॅकेटं गोड्या पाण्याने धुऊन दोरीवर टाकली. दुसऱ्या दिवशी दुपारी मला हाक मारून म्हणतो, ‘काका, ह्यां जाकीट अजून सुकूक नाय.’ कडकडीत ऊन, आणि जॅकेटाच्या खालच्या शिवणीतून थेंब थेंब पाणी गळतंय. हाताने दाबलं तर पिळलेल्या पोत्यासारखी धार लागली. कोयतीने शिवण उसवली. आत नुसता गादीचा स्पंज. चांगल्या जॅकेटातला फोम पाणी पितच नाही. दुसरं एक जॅकेट जेटीला दोरीने बांधून रात्रभर खाडीत सोडलं. सकाळी ते बुडून तळाच्या चिखलात पालथं पडलेलं होतं.

नऊ दिवस. एका फेरीत पुण्याचं जोडपं होतं, कडेवर दोन वर्षांची मुलगी. यापुढे मला लिहवत नाही.

भाचा मर्चंट नेव्हीत आहे. तो सांगतो, मोठ्या जहाजांवरच्या जॅकेटांना नियमच आहे, २४ तास गोड्या पाण्यात बुडवून ठेवलं तरी तरंगण्याची ताकद ५ टक्क्यांहून जास्त कमी होता नये. तेव्हा माल घेताना एक नग पिंपात दगडाखाली दाबून ठेवा, दुसऱ्या दिवशी काढून बघा. विकणारा नाही म्हणाला तर त्याला दारातून हाकला.

आता तक्रारीचं. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, ‘तुम्ही स्वतःच्या हाताने दिलीत ना?’ मग म्हणे हा देवाणघेवाणीचा वाद आहे, कोर्टात जा. पूर्वी ज्याला ४२० म्हणायचो ते आता भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम आहे, हे मी त्यांना सांगायचं! पुरावा म्हणून फाडलेलं जॅकेट नेलं तर ‘ठेवायला जागा नाही’. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला तेव्हा दहावा दिवस होता, खातं रिकामं झालेलं. मोबाईलवरून पैसे गेले असतील तर त्याच तासात १९३० लावा, पंचनाम्याची वाट बघत बसू नका. १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनने तक्रार नोंदवली, पण विकणाऱ्याचा खरा पत्ता मागितला. तो असता तर मीच गेलो नसतो? आणि बंदराच्या साहेबांकडे स्वतः जाऊन सगळं खरं सांगितलं, तर हातात नोटीस मला! प्रवाशांना निकृष्ट जॅकेटं दिल्याबद्दल खुलासा करा. सहा दिवस बोटी बांधून ठेवल्या. चोराला शोधायला यांच्याकडे माणूस नाही, खरं बोलणाऱ्याला कागद द्यायला मात्र आहे. शेवटी सगळं लिहून जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना रजिस्टर टपालाने पाठवलं. ठाण्याने गुन्हा नोंदवला नाही तर हा हक्क कायद्यातच आहे. पोच आली आहे, उत्तर नाही.

खरा रिकॉल, म्हणजे कंपनीने सदोष माल परत मागवणं, असतोच. जानेवारी २०२३ मध्ये मारुतीने एअरबॅगच्या कंट्रोलरसाठी १७,३६२ गाड्या परत बोलावल्या, ठरावीक तारखांच्या दरम्यान बनलेल्या, आणि भाग फुकट बदलला. अमेरिकेत २०१७ साली सुमारे ४ कोटी अग्निशामक सिलिंडर परत मागवले, कॅनडातले धरून. तेही फुकट बदलून. तुमच्याकडे पैसे मागितले की तिथेच पत्र फाडा. नाहीतर पत्रावरचा नंबर सोडून, जुन्या बिलावरच्या दुकानदाराला फोन करा. मी तो फोन दहा दिवसांनी केला. तो म्हणाला, ‘असं काही नाहीच.’

नवी ४२ जॅकेटं १,५२० प्रमाणे ६३,८४० रुपयांना घेतली, सोसायटीचं कर्ज काढून.

माझ्या जुन्या नारिंगी जॅकेटांच्या पाठीवर निळ्या ऑइलपेंटने १ ते ४२ नंबर टाकलेले होते. पेंट खरवडला तरी कापडात निळी छटा राहते. कुणी स्वस्तात वापरलेली जॅकेटं विकायला आणली तर आधी पाठ उलटून बघा, गाडीचा नंबर लिहून घ्या, आणि तो माणूस जेटीवरून हलायच्या आत ११२ लावा.