थ्रीडी सीटी आणि तुटलेला खुबा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

सीटीची थ्रीडी चित्रं आमच्या ऑर्थोपेडिक विभागातल्या संगणकावर स्वतः फिरवून बघायची सोय झाली, त्याला आठ महिने झाले. आधी छापून आलेल्या ठरावीक कोनांतल्या चार चित्रांवर भागवायचो. आता अपघातात पेल्व्हिस (ओटीपोटाभोवतीचं हाडांचं कडं) किंवा खुब्याची वाटी तुटून आलेला जवळपास प्रत्येक रुग्ण मी यावर पाहतो.

सगळ्यात मोठा फायदा रुग्णाचा झाला. वाटीचं फ्रॅक्चर समजायला ज्युडेट व्ह्यू (तिरक्या कोनांतले दोन एक्स-रे) घ्यायचे म्हणजे माणसाला ४५ अंशांत एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला कलवायचं. तुटलेल्या पेल्व्हिसवर ते करताना उठणारी किंकाळी मी विसरलेलो नाही. आता तेच कोन स्क्रीनवर मिळतात. शिवाय मांडीच्या हाडाचं हेड (वाटीत बसणारं गोल टोक) चित्रातून वगळलं की थेट वाटीत डोकावता येतं: मागची भिंत किती फुटली, तुकडे किती, प्लेट कुठून फिरवायची. नातेवाइकांनाही चित्र दाखवलं की ऑपरेशन का लागणार ते पटकन कळतं.

पण तिसऱ्या महिन्यात एक रुग्ण आला आणि माझी सवय बदलली. कारमध्ये गुडघा डॅशबोर्डवर आपटलेला, पाय आखूड होऊन आत वळलेला. साध्या एक्स-रे फिल्मवर त्या बाजूचं हेड दुसऱ्या बाजूपेक्षा लहान दिसत होतं, म्हणजे खुबा मागे निखळलेला. भूल देऊन बसवला, मग सीटी केला. थ्रीडीत सगळं सुरेख. मागच्या भिंतीचा छोटा टवका, बाकी काही नाही. रेसिडेंट डॉक्टर म्हणाला, "सर, जागेवर बसलाय." बसला होता, पण नीट नाही. एक मिलिमीटरच्या स्लाइस (सीटीतले पातळ छेद) एकेक करत खाली गेलो, तर हेड आणि वाटी यांच्यामध्ये तांदळाच्या दाण्याएवढी कपची अडकलेली आणि सांध्यातली फट दुसऱ्या बाजूपेक्षा रुंद. ती तशीच राहिली असती तर कूर्चा खरवडून निघाली असती. ऑपरेशन करून काढली.

थ्रीडी पृष्ठभाग गुळगुळीत करून दाखवतं. त्यामुळे न सरकलेली चीर पुसली जाते, जवळजवळ असलेले तुकडे एकजीव दिसतात. सेक्रमची (पेल्व्हिसच्या मागचं, कण्याच्या तळाचं हाड) चीर साध्या फिल्मवर आतड्यातल्या वायूमुळे झाकली जाते आणि थ्रीडीतही निसटू शकते. मांडीचं हाड मधोमध मोडलं असेल तर त्याच हाडाची मानही (हेडखालचा अरुंद भाग) बारीक स्लाइसवर पाहायलाच हवी, कारण सगळ्यांचं लक्ष मोठ्या फ्रॅक्चरकडे असतं. आणखी एक: बाइंडर (पेल्व्हिस आवळून धरणारा पट्टा) बांधून सीटी केला असेल तर उघडलेली पेल्व्हिस मिटलेली दिसते. 'जोड ठीक आहे' म्हणण्याआधी बाइंडर होता का, हे मी आता प्रत्येक वेळी विचारतो.

रक्तदाब सावरत नसलेल्या रुग्णाला मात्र या सगळ्याचा उपयोग नंतर. कॅज्युअल्टीत समोरून घेतलेली एक फिल्म आणि बाइंडर आधी. रक्त कुठून वाहतंय हे कॉन्ट्रास्ट सीटीत (शिरेतून औषध देऊन केलेला, रक्तवाहिन्या उठून दाखवणारा सीटी) दिसतं, नुसत्या हाडांच्या थ्रीडीत नाही.

वापरायला सॉफ्टवेअर सोपं आहे. नवा रेसिडेंट दोन दिवसांत शिकतो. खटकणारी गोष्ट एकच, केस उघडली की आधी रंगीत थ्रीडीच समोर येतं. आमच्या संगणकावर मी ती सेटिंग बदलून घेतली आहे. आता आधी बारीक स्लाइस उघडतात, थ्रीडी त्यानंतर.