ऑइल पेंटिंगचा 'सुगीचं शेत' ऑनलाइन कोर्स: बरेच महिने वापरल्यावर

दिवाळीच्या ऑफरमध्ये घेतला होता, आता पावसाळा तोंडावर आलाय, म्हणून सविस्तर लिहितोय. विषय एकच, कापणीचं शेत, कोऱ्या कॅनव्हासपासून व्हार्निशपर्यंत (चित्रावरचा शेवटचा पारदर्शक लेप).

सुरुवातीचा भाग खरंच भारी आहे. रंगाला हातच लावू देत नाहीत, आधी नुसत्या बर्न्ट अंबरमध्ये (गडद तपकिरी रंग) टर्पेंटाइन (रंग पातळ करायचं द्रावण) घालून सगळं चित्र उभं करायचं, उजेडाच्या जागा फडक्याने पुसून काढायच्या. अंबर लवकर वाळतो (त्यात मँगनीज असतं) त्यामुळे पुढचा थर लवकर चढवता येतो. खाली पातळ, वर तेलकट हा नियमही नीट समजावलाय, उलटं केलं तर वरचा थर आधी वाळतो, खालचा हलत राहतो आणि चित्राला भेगा जातात.

पण शेत त्यांचं आहे, गव्हाचं, युरोपातलं. आमचं गाव मंगळवेढ्याकडे, सगळी काळी जमीन आणि मालदांडी ज्वारी. आमच्याकडे ज्वारी मुळासकट उपटतात, मग कणसं खुडून कडब्याच्या पेंढ्या बांधतात, त्यामुळे कोर्समध्ये पुढच्या बाजूला जे कापलेले खुंट शिकवतात ते आपल्या चित्रात येतच नाहीत, येतात ती ढेकळं. रंगांचंही तेच. त्यांचं कॅडमियम यलो कडब्याला लावलं की हळद सांडल्यासारखं दिसतं, यलो ऑकरमध्ये (मातकट पिवळा) भरपूर पांढरा आणि चिमूटभर रॉ अंबर (मातकट तपकिरी) घातला की खरा कडबा येतो, सावलीला अल्ट्रामरिन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). काळ्या जमिनीला ट्यूबमधला काळा अजिबात नको, चित्रात भोक पडल्यासारखं वाटतं. अल्ट्रामरिन अधिक बर्न्ट अंबर घ्या, आणि उन्हातल्या ढेकळांना पांढरा मिसळा, कारण मार्चच्या दुपारी ती जमीन राखाडीच दिसते. आभाळही निळं नसतं हो, खाली क्षितिजाजवळ धुळकट पांढरं असतं!

ब्रूगेल या जुन्या फ्लेमिश चित्रकाराच्या १५६५ च्या कापणीच्या चित्रावरचं लेक्चर मात्र चुकवू नका. चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे, त्यांच्या वेबसाइटवर झूम करून फुकटात बघता येतं. झाडाखाली माणसं जेवतायत, एक जण पाय पसरून गाढ झोपलाय, आणि लांब समुद्राकडे रंग फिके होत जातात. ते बघून मी विळा घेतलेल्या पोझ सोडल्या आणि बांधावरच्या बाभळीखाली भाकरीचं गाठोडं सोडून जेवायला बसलेली माणसं काढायला लागलो, चित्रात जीव आला.

आता तक्रारी. व्हार्निश 'वाळल्यावर मारा' एवढंच सांगतात, अहो, हाताला कोरडं लागलं तरी आतून वाळायला महिने जातात, साधारण सहा महिने ते वर्षभर थांबायचं असतं. आणि जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून टाकली तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात, याबद्दल चकार शब्द नाही. फडकी मोकळी पसरून वाळवा किंवा पाणी भरून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. टर्पेंटाइनच्या वासाचं तर विचारूच नका, वन बीएचकेत घरचे वैतागतात, गॅलरीत बसा. शंका विचारली की उत्तर आठवड्याने येतं, तेही 'व्हिडिओ पुन्हा बघा'.

सेलमध्ये मिळाला तर घ्या, पूर्ण किमतीला नको. किटमधली पांढऱ्याची ट्यूब एवढुशी आहे, कडब्याच्या एका गंजीत संपते, ती वेगळी मोठी घेऊन ठेवा.