क्रेन भाड्याने घेतली, पैसे वसूल झाले ते रिगरमुळे

आमच्या लोखंडी सांगाड्याच्या इमारतीचं काम आता संपत आलंय. कॉलम, गर्डर, प्रीकास्ट (आधीच ओतून तयार केलेली काँक्रीटची) पॅनेल आणि शेवटी छतावरची एसी युनिटं, सगळं एकाच क्रेन-रिगिंग (भार बांधून उचलून देणाऱ्या) सेवेकडून चढवून घेतलं. बरेच महिने त्यांच्याशी रोजचा संबंध आला, म्हणून हा अनुभव.

आधी टनांबद्दल, कारण चौकशी करणारा प्रत्येक जण तिथूनच सुरुवात करतो. 50 टनी क्रेन 50 टन उचलते ती बूम (क्रेनचा लांब हात) आखूड आणि भार अगदी अंगाशी, साधारण 3 मीटर त्रिज्येत असताना. तोच भार 20 मीटर लांब ठेवायचा म्हटलं की तिची ताकद मोजक्या टनांवर येते. त्यातून हूक ब्लॉक, स्लिंग (भार बांधायचे पट्टे किंवा दोर), स्प्रेडर बीम (स्लिंग फाकवून धरणारा आडवा दांडा) यांचं वजनही वजा होतं. या लोकांनी दर सांगायच्या आधी माणूस पाठवला. सगळ्यात जड नग कोणता, तो कुठून उचलायचा, कुठे ठेवायचा, हे त्याने टेप लावून मोजलं आणि लोड चार्ट (किती अंतरावर क्रेन किती उचलते त्याचा तक्ता) समोर उघडून आकडा दाखवला. दुसऱ्या एका पुरवठादाराने फोनवरच ‘होऊन जाईल’ म्हटलं होतं. तिथेच निर्णय झाला.

क्रेन उभी करायच्या जागेखाली पाइपलाइनचा बुजवलेला चर होता, तोही याच माणसाने विचारून विचारून शोधला. वरून जमीन घट्टच दिसत होती. पण भार फिरताना एका कोपऱ्यातल्या आउटरिगरवर (क्रेनच्या बाजूला पसरलेल्या टेकूच्या पायावर) वजनाचा मोठा वाटा येतो, आणि भराव तिथेच दगा देतो. जागा बदलली, खाली जाड मॅट टाकल्या, बराच वेळ गेला. आमचे फोरमन कुरकुरले. कुरकुरू देत.

पण मन जिंकलं ते मुख्य रिगरने, म्हणजे भार बांधणाऱ्या माणसाने. रोज सकाळी स्लिंगचा प्रत्येक बेल्ट हाताने चाचपून, शॅकलच्या (जोडकड्यांच्या) पिना बघूनच तो कामाला लागायचा. एका बेल्टच्या कडेला चीर दिसली, तर त्याने तो नुसता बाजूला ठेवला नाही, कापूनच टाकला, म्हणजे संध्याकाळी घाईत कुणी उचलायला नको. लांब गर्डरला आमच्या पोरांनी आखूड स्लिंग लावली, ती त्याने काढायला लावली. दोन पायांची स्लिंग आडव्याशी 60 अंशांत असेल तर एकेका पायावर भाराच्या सुमारे 58 टक्के ताण येतो. 30 अंशांत आली की प्रत्येक पायावर अख्ख्या भाराएवढा. हे गणित त्याने पुठ्ठ्यावर काढून दाखवलं. आता आमची पोरं स्वतःच कोन बघतात.

तक्रारीही आहेत. मध्यंतरी न सांगता ऑपरेटर बदलला. नवा माणूस जो हात हलवेल त्याच्याकडे बघायचा. रिगरने पहिल्याच दिवशी काम थांबवून ठरवून दिलं: इशारा एकाच सिग्नलमनचा, ‘थांब’ मात्र कुणीही म्हणावं. हे ऑपरेटरला आधीच पढवून पाठवायला हवं होतं.

दुसरी तक्रार बिलाची. वाऱ्यामुळे पॅनेल चढवणं थांबलं, ते बरोबरच होतं. रुंद पॅनेल शिडासारखं वारा धरतं, त्यामुळे चार्टमधल्या वाऱ्याच्या मर्यादेच्या बऱ्याच आधी थांबावं लागतं. पण त्या रिकाम्या तासांचं भाडं पूर्ण दराने लागलं. तास यार्डातून निघाल्यापासून परत पोचेपर्यंतचे, आणि काउंटरवेटच्या (क्रेनचा तोल राखायला मागे लावायच्या वजनांच्या) ट्रेलरचे पैसे वेगळे. करारात हे सगळं होतं, पण बारीक अक्षरांत. चांगल्या सेवेने हे तोंडी सांगायला काय हरकत होती?

आणखी एक गोष्ट घेण्याआधी विचारा: नुसती क्रेन आणि ऑपरेटर मिळणार, की उचलण्याचं नियोजनही त्यांच्याकडे? पहिल्या प्रकारात नियोजन आणि जबाबदारी दोन्ही तुमच्या गळ्यात पडते, आणि स्वस्त दर बहुतेक वेळा त्याचाच असतो. आम्ही दुसरा प्रकार घेतला होता.

पुढच्या टप्प्यासाठी यांनाच बोलावणार आहे. करारात दोन ओळी वाढवून मागितल्यात: मुख्य रिगर हाच राहील, आणि वाऱ्यात थांबलेल्या तासांना कमी दर. पहिली त्यांनी मान्य केली, दुसरीवर घासाघीस चालू आहे.