इंदूरमध्ये बनवून घेतलेला व्हॉल्व्ह गिटार अ‍ॅम्पचा पॉवर ट्रान्सफॉर्मर: एक हिवाळा आणि एक उन्हाळा वापरल्यानंतर

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मी इंदूरमधल्या एका वाइंडिंगवाल्या काकांकडून माझ्या घरगुती व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्यांच्या) गिटार अ‍ॅम्पसाठी पॉवर ट्रान्सफॉर्मर बनवून घेतला. तेव्हापासून तो बहुतेक रोज संध्याकाळी दोन-तीन तास चालतो, तालमींना जातो, आणि मे महिन्यातल्या उकाड्यातही त्याला विश्रांती दिलेली नाही. आता त्याच्याविषयी खात्रीने लिहिता येईल असे वाटते. मी त्याच्यावर पूर्ण समाधानी आहे. या समाधानाचे सर्वांत मोठे कारण प्रायमरीवर (घरची वीज जोडायच्या वाइंडिंगवर) घेतलेला २४५ व्होल्टचा जादा टॅप (वाइंडिंगमधून बाहेर काढलेले जोडणीचे टोक) हे आहे. ट्रान्सफॉर्मर निवडताना बहुतेक जण आधी सेकंडरीच्या (अ‍ॅम्पला वीज देणाऱ्या वाइंडिंगच्या) व्होल्टेजचा विचार करतात. माझ्या मते आधी आपल्या घरच्या पुरवठ्याचा विचार करायला हवा.

अ‍ॅम्पची रचना साठच्या दशकातल्या मार्शलच्या १८ वॉटच्या लहान अ‍ॅम्पच्या धर्तीवर आहे. त्यात पुश-पुल पद्धतीने (एकमेकांच्या उलट काम करतील असे) जोडलेले दोन ईएल८४ पॉवर व्हॉल्व्ह, लहान सिग्नल वाढवणारे तीन ईसीसी८३ आणि एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर म्हणून ईझेड८१ आहे. ईएल८४ ला कॅथोड बायस (कॅथोडवरच्या रेझिस्टरने व्हॉल्व्हचा करंट ठरवणारी जोडणी) असून दोघांना मिळून १३० ओहमचा एकच रेझिस्टर आहे. अशा बायसमध्ये वरचा पुरवठा वाढला की व्हॉल्व्हवरचा भारही आपोआप वाढतो, आणि इंदूरमध्ये पुरवठा एका जागी स्थिर राहत नाही. ऑर्डर देण्यापूर्वी मी वेगवेगळ्या ऋतूंत, वेगवेगळ्या वेळी प्लगवर मल्टिमीटर लावून आकडे वहीत उतरवले. संध्याकाळी सातच्या सुमारास, आणि उन्हाळ्यात घरोघरी कूलर व पंप चालू असताना, २२४ ते २२८ व्होल्ट मिळत. रात्री साडेदहानंतर, विशेषतः थंडीत, हाच आकडा २४४ ते २४७ पर्यंत चढे. गिटार वाजवायला सवड मिळते ती नेमकी रात्रीच.

कागदावर २३० व्होल्टच्या हिशेबाने सगळे चोख दिसते. माझ्या अ‍ॅम्पमध्ये २३० ला मुख्य डीसी पुरवठा ३१६ व्होल्ट येतो, कॅथोडवर ११.२ व्होल्ट मिळतात, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह मिळून ८६ मिलिअँपिअर घेतात. त्यातला स्क्रीनचा (व्हॉल्व्हमधल्या दुसऱ्या ग्रिडचा) वाटा वजा केला, तर प्रत्येक प्लेटवर (व्हॉल्व्हच्या धन टोकावर) साधारण साडेअकरा वॉट पडतात. ईएल८४ च्या डेटाशीटमध्ये प्लेटची कमाल मर्यादा १२ वॉट दिली आहे, तेव्हा हे बसते. पण त्याच टॅपवर रात्री २४६ व्होल्ट आले की डीसी ३३८ वर जातो, करंट वाढतो आणि प्लेटवरचा भार तेरा वॉटच्या पुढे जातो. त्याच वेळी हीटरला (व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तारेला) ६.३ ऐवजी ६.७ व्होल्ट मिळतात. एका रात्रीत व्हॉल्व्ह जळत नाही हे खरे. पण ज्याची जोडी स्लोव्हाकियाहून किंवा रशियाहून येते आणि इथे सहज मिळत नाही, त्या व्हॉल्व्हचे आयुष्य रोज थोडे थोडे असे खर्ची पडू देणे मला पटत नाही.

म्हणून प्रायमरीला ०, २३० आणि २४५ असे टॅप मागितले. काकांच्या हिशेबात एका व्होल्टला ४.२ फेरे होते, त्यामुळे या जादा टॅपसाठी केवळ ६३ फेरे अधिक लागले आणि किंमत जवळपास तीच राहिली. मागच्या पट्टीवर २५० व्होल्ट, ६ अँपिअरचा एक स्विच बसवला असून अ‍ॅम्प बंद असतानाच तो फिरवायचा असा नियम ठेवला आहे. बसण्याआधी प्लगवरचा आकडा पाहतो; २३८ च्या वर असेल तर २४५ चा टॅप. एवढ्याने हीटर सुमारे ६.१ ते ६.५ व्होल्टच्या आणि डीसी सुमारे ३०५ ते ३२७ च्या दरम्यान राहतो. कानाला त्याचा फायदा असा की संध्याकाळी जमवलेला आवाज रात्रीही जवळपास तसाच मिळतो. पूर्वी रात्री आवाज ताठ वाटे आणि क्रंच (किंचित फाटलेला आवाज) यायला व्हॉल्यूम अधिक उघडावा लागे.

आता सेकंडरीविषयी. या घराण्यातल्या मूळ अ‍ॅम्पमध्ये २९०-०-२९० व्होल्टची सेकंडरी असे आणि त्यातून ३४० च्या आसपास डीसी मिळे. डेटाशीटमधली प्लेटची मर्यादा मात्र ३०० व्होल्ट आहे. त्या काळच्या व्हॉल्व्हनी हे सोसले. आजच्या उत्पादनांपैकी काही सोसतात, काही लवकर थकतात. मी २७०-०-२७० घेतले. यात वॉट थोडे कमी होतात, पण कानाला तो फरक फार लहान असतो, कारण १८ वॉटचे १५ वॉट झाले तरी आवाज एक डेसिबलही खाली येत नाही. ज्यांना बँडमध्ये ड्रमच्या शेजारी अगदी स्वच्छ आवाज हवा आहे, त्यांनी या आकड्याच्या मागे न लागता मोठे व्हॉल्व्ह घ्यावेत असे मला वाटते.

करंटचा हिशेब कारागिरावर न सोडता आपण स्वतः करावा. ईएल८४ चा हीटर ०.७६ अँपिअर घेतो, ईसीसी८३ चा ०.३ आणि ईझेड८१ चा १. सगळे मिळून ३.४२ होतात, म्हणून ४ अँपिअरचे वाइंडिंग मागितले. एच.टी. साठी (उच्च व्होल्टेजच्या सेकंडरीसाठी) १३० मिलिअँपिअर सांगितले. या दोन्हींची बेरीज शंभर व्हीएच्या (व्होल्ट गुणिले अँपिअर) आत राहते आणि त्यासाठी मधल्या पायाचे क्षेत्रफळ सुमारे १० चौरस सेंटिमीटर असलेला कोअर पुरतो. काकांनी ३२ मिलिमीटर रुंदीच्या पायाचे स्टॅम्पिंग (कोअरचे लोखंडी पत्रे) ३५ मिलिमीटर उंचीपर्यंत रचले. चिठ्ठीवर मी एक वाक्य अधोरेखित करून लिहिले होते: ‘सर्व व्होल्ट पूर्ण लोडवर.’ पुष्कळ ठिकाणी ६.३ हा आकडा मोकळ्या टोकांवर मोजून माल हातात दिला जातो आणि चार अँपिअर ओढले की त्याचे ५.८ होतात. काकांनी मोकळे ६.८ ठेवले होते. लोडवर माझ्या मीटरने ६.३२ दाखवले. हे साधणे सोपे नाही, आणि त्यासाठी मला त्यांच्या हाताचे मनापासून कौतुक वाटते.

बाहेरून तयार ट्रान्सफॉर्मर मागवण्याचा पर्यायही मी पाहिला होता. माझ्या एका मित्राने एका परदेशी विक्रेत्याकडून अमेरिकी अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मर मागवला. त्यात १२० व्होल्टच्या दोन प्रायमरी असल्यामुळे त्या एकामागे एक जोडून २४० ला चालतील असे त्याला सांगण्यात आले होते. चालल्याही, पण तो कोअर ६० हर्ट्झच्या हिशेबाने कमीत कमी लोखंडात बसवलेला होता. कोअरमधला फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) व्होल्टेजला वारंवारतेने भागून येणाऱ्या प्रमाणात असतो, म्हणून तेच व्होल्टेज ५० हर्ट्झला दिल्यावर तो २० टक्क्यांनी वाढतो. लोखंड आधीच काठावर असेल तर ते भरून जाते, प्रायमरी नुसतीच करंट ओढू लागते आणि काहीही न वाजवता ट्रान्सफॉर्मर तापतो. मित्राच्या ट्रान्सफॉर्मरला अर्ध्या तासात हात लावणे कठीण होई. ५०/६० हर्ट्झ असे स्पष्ट छापलेले असेल तरच बाहेरचा माल घ्यावा. माझ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ४.२ फेऱ्यांच्या हिशेबाने फ्लक्स जेमतेम एक टेस्ला येतो. स्टॅबिलायझर बनवणारे यापेक्षा कमी फेरे देऊन तांबे वाचवतात, पण गिटार अ‍ॅम्पमध्ये शांत कोअरची किंमत वेगळी आहे.

महाराणी रोडवरून तांब्याची पातळ पट्टी मी स्वतः घेऊन गेलो होतो, कारण प्रायमरी आणि सेकंडरी यांच्यामध्ये शील्ड (विजेचा उपद्रव अडवणारा पडदा) हवी होती. काकांनी प्रायमरीवर पिवळ्या कागदाचे तीन थर दिले, त्यावर पट्टीचा एकच वेढा घातला आणि तिची दोन टोके एकमेकांवर आणताना मध्ये कागदाची जीभ सरकवली. ही जीभ विसरली आणि टोके चिकटली, तर पट्टी हाच एक शॉर्ट झालेला फेरा बनतो आणि ट्रान्सफॉर्मर पहिल्याच मिनिटात धूर सोडतो. पट्टीला डाख दिलेली हिरवी वायर थेट चासीच्या (अ‍ॅम्पच्या धातूच्या सांगाड्याच्या) अर्थिंगला जाते. घरातल्या इलेक्ट्रॉनिक फॅन रेग्युलेटरची जी बारीक करकर पूर्वीच्या अ‍ॅम्पमध्ये येत असे, ती या अ‍ॅम्पमध्ये जवळजवळ ऐकू येत नाही. वार्निश ब्रशने न लावता पूर्ण बुडवून भट्टीत सुकवावे, हा माझा आग्रह होता. त्यासाठी दोन दिवस अधिक लागले. एका फूटावरून कान लावला तरी पत्र्यांची गुणगुण येत नाही, तेव्हा ते दोन दिवस सत्कारणी लागले.

तापमानाचा अंदाज हात लावून घेण्यात अर्थ नाही, कारण आतले तांबे बाहेरच्या पत्र्यापेक्षा बरेच गरम असते. मी प्लग काढून, स्विच चालू ठेवून प्रायमरीचा रेझिस्टन्स मोजतो. थंड असताना, खोलीत २६ अंश असताना, तो १५.४ ओहम होता. तीन तास वाजवून लगेच मोजला तेव्हा १७.९ झाला. तांब्याच्या नेहमीच्या सूत्राने हा फरक सुमारे ४२ अंशांची वाढ दाखवतो. मे महिन्यात खोली ४० च्या जवळ गेली तेव्हा आतले तांबे ऐंशीच्या थोडे वर गेले असणार, आणि वर्ग बी इन्सुलेशनची मर्यादा १३० अंश आहे, तेव्हा काळजीचे कारण नाही.

हमविषयी (विजेच्या सततच्या घुमणाऱ्या आवाजाविषयी) सर्वाधिक विचारले जाते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. चासीला भोके पाडण्यापूर्वी दोन्ही ट्रान्सफॉर्मर टेबलावर ठेवले, पॉवर ट्रान्सफॉर्मरची एच.टी. ची टोके नीट टेप लावून बंद केली, फक्त प्रायमरीला वीज दिली आणि कशालाही न जोडलेल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर मीटर एसी मिलिव्होल्टवर लावला. दोघांचे कोअर एका दिशेत असताना ३८ मिलिव्होल्ट येत होते. आउटपुट ट्रान्सफॉर्मर काटकोनात फिरवून इंचभर सरकवल्यावर तीन उरले. ती जागा खडूने आखून मगच ड्रिल चालवले. याशिवाय हीटरचे वाइंडिंग ३.१५-०-३.१५ असे मागितले होते; त्याचा मधला टॅप चासीला न जोडता ईएल८४ च्या कॅथोडला जोडला आहे. त्यामुळे हीटर ११ व्होल्टांनी उचलले जातात आणि ईसीसी८३ मध्ये हीटरकडून कॅथोडकडे झिरपणारा हम दबतो. व्हॉल्यूम पूर्ण उघडूनही आता ऐकू येतो तो व्हॉल्व्हचा सळसळता आवाजच.

तक्रारी दोन आहेत. बाहेर काढलेल्या वायर साध्या पीव्हीसीच्या होत्या आणि बहुतेक एकाच लाल रंगाच्या. मीटरने ओळखून मी त्यांना चिठ्ठ्या लावल्या आणि ईझेड८१ जवळून जाणाऱ्या दोन वायरींवर फायबरग्लासची नळी चढवली. वरचे टोपण पातळ पत्र्याचे आहे आणि त्याचा एक स्क्रू तालमींच्या ने-आणीत सैल होतो. खाली स्प्रिंग वॉशर टाकल्यावर तो टिकला. एकूण खर्च शील्डच्या पट्टीसह सव्वीसशे रुपये झाला, ज्यात परदेशी ट्रान्सफॉर्मरचे नुसते टपालही भागले नसते.

पहिल्यांदा वीज देताना ६० वॉटचा फिलामेंटचा बल्ब असलेला सिरीज बोर्ड (ज्यात वीज आधी बल्बमधून जाते) वापरावा. नवा ट्रान्सफॉर्मर सेकंडरी मोकळी असताना त्यावर बल्ब पेटवू लागला, तर तो पुढे जोडूच नये. प्रायमरीत माझ्याकडे १ अँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज आहे. पहिल्या ४७ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर २२० किलोओहम, २ वॉटचा रेझिस्टर कायम जोडलेला आहे, त्यामुळे प्लग काढल्यावर दोन मिनिटांत ३१६ व्होल्ट उतरतात. तरीही आत हात घालण्याआधी मीटर लावून पाहणे मी कधीही टाळत नाही, आणि इतरांनीही टाळू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

इन्व्हर्टरचा प्रश्न उरतो, कारण वीज जाते आणि तालीम थांबवावीशी वाटत नाही. आमच्या घरच्या जुन्या चौकोनी लहरींच्या इन्व्हर्टरवर हीटर व्यवस्थित तापले, पण डीसी २४५ व्होल्टपर्यंत घसरला, कारण रेक्टिफायर लहरीच्या शिखरावर चालतो आणि चौकोनी लहरीचे शिखर साइन लहरीपेक्षा बुटके असते. त्यात कोअरही घुरघुरू लागला. एका मित्राकडच्या शुद्ध साइन लहरीच्या इन्व्हर्टरवर मात्र हाच ट्रान्सफॉर्मर ३११ व्होल्ट देत होता आणि तितकाच शांत होता. आता वीज गेली आणि साइन इन्व्हर्टर हाताशी नसला, तर मी अ‍ॅम्प बंद करून गिटार तशीच वाजवतो.