गच्चीवरचं अग्निकुंड आणि आमचे 2,59,500 रुपये

तीन आठवडे लिहू की नको, असं चाललं होतं. आमचे हे म्हणतात, कशाला चव्हाट्यावर आणायचं. पण परवा कळलं की आम्हाला फसवणाऱ्या त्याच ठेकेदाराने कांदिवलीच्या एका ताईंनाही असंच कोटेशन दिलंय, मग राहवेना.

मुलुंडला आमच्या फ्लॅटला लागून गच्ची आहे. वर जाळ आणि कडेने पाणी पडणारं कुंड तिथे करून घ्यायचं होतं. ह्यांची निवृत्ती झाली, संध्याकाळी दोघांनी बसावं, एवढीच हौस. ठेकेदार ओळखीतून आला. बोलणं नम्र, मोबाइलवर कामांचे ढीगभर फोटो. (तेच फोटो नंतर मुलाने गूगल लेन्सवर टाकले, तर परदेशातल्या हॉटेलांचे निघाले. फोटो तपासा, मग चहा विचारा.) कोटेशन 3,40,000 चं. स्वस्ताच्या मोहाने फसले असं कोणी म्हणू नये, दुसऱ्याचं कोटेशन याहून कमी होतं. 1,70,000 आगाऊ दिले.

मग बर्नर आला. "316 ग्रेडचं स्टील आहे काकू, खाऱ्या हवेतही गंजणार नाही." मी ती गोल नळी ओट्यावर ठेवली आणि फ्रिजवरचं गणपतीचं मॅग्नेट काढून लावलं. टक्कन चिकटलं. 316 ला चुंबक असं चिकटत नाही, हे मला माहीत होतं! विचारलं तर म्हणाला, "वरून कोटिंग आहे, त्याला चिकटतं." आणि मी मॅग्नेट परत फ्रिजवर लावलं. लक्ष्मीपूजनाला नणंदा येणार होत्या, गच्ची अर्धी खणलेली, त्याला हाकलला असता तर काम कोणी पुरं केलं असतं? तुम्हीही हाच विचार केला असता. त्याच दुपारी बर्नर-दगडांचे 68,000 दिले, आठवड्याने वॉटरप्रूफिंगचे म्हणून 21,500 रोख. म्हणजे 89,500 त्या टक्कन आवाजानंतर गेले. रात्री झोप लागत नाही ती याच आकड्याने.

दिवाळीच्या चार दिवस आधी चाचणी झाली. वाऱ्याने जाळ विझला, गॅस मात्र चालूच. ज्योत गेली की गॅस तोडणारा वाल्व्ह त्यात नव्हताच. एलपीजी हवेपेक्षा जड, तळाशी साचतो, आणि कुंडाच्या तळाला तो बाहेर पडायला भोकही ठेवलं नव्हतं. वास आला म्हणून वाचलो. असलं कुंड करून घेणार असाल तर हा वाल्व्ह आणि ते भोक आधी डोळ्यांनी बघा. अर्ध्या तासाने पुन्हा पेटवलं, तर दगड फटाक्यासारखे फुटले. लाव्हा दगडांचे पैसे घेऊन नदीचे गोटे टाकले होते. ओल्या गोट्यांत पाण्याची वाफ होते आणि ते फुटतात. एक कपची ह्यांच्या मनगटात घुसली. दुसऱ्या दिवसापासून त्याचा फोन बंद. पाणी खालच्या मजल्यावरच्या काकांच्या छतातून गळतंय, त्यांची बोलणी वेगळीच.

पोलीस ठाण्यात चार खेपा झाल्या. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्यांदा "हे दिवाणी प्रकरण आहे, वकील गाठा." तिसऱ्यांदा मी विचारलं, खोटं सांगून पैसे घेणं ही फसवणूक नाही तर काय? पूर्वीचं 420, आता न्याय संहितेचं कलम 318, मग ते कशासाठी आहे? उत्तर आलं, "काकू, एवढे पैसे शोभेवर घालवायचेच कशाला?" पैसे आमचे, घाम आमचा, आणि हिशेब आम्हीच द्यायचा? चौथ्यांदा अर्ज घेतला, पण पोच देताना रोखीच्या 21,500 ची पावती मागितली. पावती नाही, म्हणून ती रक्कम अर्जातून खोडायला लावली. बँकेत गेले तर म्हणे, तुम्ही स्वतःच पाठवलेत ना? घेणाऱ्याचं खातंही त्याच्या मेहुण्याच्या नावाचं. दुसऱ्याच्या खात्यात एक रुपया पाठवू नका. बिलावरचा जीएसटी नंबर मोजा, 15 अक्षरं लागतात. माझ्या बिलावर 13 आहेत, आणि ते मी आत्ता मोजले.

ग्राहक आयोगात जाणार आहे. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकीलही लागत नाही, मुदत 2 वर्षं. हेही मला ठाण्यात कोणी सांगितलं नाही. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा कळलं.

मंगळवारी ठाण्यात पाचवी खेप आहे. बर्नर आणि मॅग्नेट एकाच पिशवीत भरून ठेवलंय.