रेट्रो कॅमेरा, आठ महिने वापरून झाल्यावर
कंपनीचं नाव टाकत नाही, उगाच वाद नकोत. वरती तीन डायल, चंदेरी-काळी बॉडी, लांबून 1982 चा निकॉन एफएम2 हा रोलवाला कॅमेराच वाटावा असा मिररलेस (म्हणजे आत आरसा नसलेला डिजिटल), सेकंडहँड घेतलेला. आणि खरं सांगतो, दिसतो भारी म्हणूनच घेतला. मावसबहिणीच्या हळदीत एका काकांनी विचारलं, "रोल कितीचा टाकलायस रे, 36 चा?" पैसे वसूल!

पण वाट लागली ती पण त्याच हळदीत. मांडवात कडक ऊन, घरात अंधार, सारखं आतबाहेर चाललेलं आणि आयएसओचा (उजेड कमी-जास्त असेल तसा बदलायचा आकडा) डायल डाव्या बाजूला, तोही लॉकवाला, म्हणजे डाव्या हाताने लेन्स धरू की बटण दाबून डायल फिरवू, त्यात बोटं हळदीने चिकट. फिल्मच्या काळात ते बरोबरच होतं, रोल टाकला की 100 नाहीतर 400 लावायचं आणि रोल संपेपर्यंत तिकडे बघायचंच नाही. आता दर फोटोला लागणारी गोष्ट अडगळीत ठेवलीय, का तर कित्येक जुन्या कॅमेऱ्यांत तिथे होती. शेवटी ऑटोवर टाकला, डायल आता शोभेला.

ग्रिपचं पण तेच. एफएम2 ला कुठे ग्रिप होती म्हणाल, पण त्याला रोल सरकवायची लिव्हर होती, ती जरा बाहेर ओढली की शटरच्या बटणाचं लॉक सुटायचं आणि अंगठा आपोआप तिथे अडकायचा. इथे रोल नाही म्हणून लिव्हर नाही, अंगठा घसरतोय, आणि तेव्हा पुढे चिमुकली 50 मिमीची लेन्स असायची, मी लावतो जाडजूड झूम. तासाभरात मनगट बोलायला लागतं. वेगळी ग्रिप घेतली तर आता बॅटरी बदलायला आधी ती काढा.

बरं, जुने लोक काय नुसतं दिसण्याच्या मागे नव्हते. निकॉनने 1980 च्या एफ3 साठी गाड्या डिझाइन करणाऱ्या जुजारोला घेतलं, निकॉनच्या कॅमेऱ्यावरचा तो फेमस लाल पट्टा त्याचाच, पण पट्ट्यालगत बोटांना धरायला छोटा उंचवटाही आहे. कॅननचा 1986 चा टी90, त्यात लुईजी कोलानी या जर्मन डिझायनरच्या कल्पना, गुळगुळीत आणि मुठीत बसणारा, नंतरचे काळे डीएसएलआर (आत आरसा असलेले डिजिटल कॅमेरे) म्हणजे त्याचीच नातवंडं. पण तसा दिसणारा कॅमेरा आज दुकानात ठेवला असता तर मी ढुंकून तरी बघितलं असतं का? नसतं. मग कंपनीला काय बोलणार.

विकायचं दोनदा ठरवलं. जाहिरातीसाठी फोटो हवा म्हणून खिडकीत उन्हात ठेवला, मोबाईलवर दहाबारा फोटो काढले आणि परत बॅगेत टाकला.