दहा महिने, चार हेडफोन आणि बुवांच्या टोपीवरचा कोळसा

परवा स्टुडिओत एका गाण्याचं रेकॉर्डिंग (टेक) संपवून गायक बुवांनी हेडफोन काढला, तर पांढऱ्या टोपीच्या कडेला काळे पापुद्रे चिकटलेले. कानाच्या पाळीवर, मानेवर, सदऱ्याच्या कॉलरवरही तेच. "हें कितें रे, कोळसो?" बुवा म्हणाले. पेटीवाला हसत सुटला. मला हसू येईना, कारण ते हेडफोन घेऊन दहा महिनेही झाले नव्हते.

म्हणून हे लिहितोय. बेस कसा, ट्रेबल कसा यावर ढीगभर व्हिडिओ आहेत, ते बघा. मी मुख्यतः हेडफोनच्या कानांवरच्या गाद्यांबद्दल लिहिणार आहे.

गोव्यात फोंड्याजवळ घरामागच्या खोलीत माझा छोटा स्टुडिओ आहे. अभंग, नाट्यगीतं, चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली की घुमट आरत्या (घुमट म्हणजे मातीच्या भांड्यावर कातडं ताणलेलं वाद्य). गेल्या दिवाळीनंतर एकाच मॉडेलचे चार क्लोज्ड-बॅक (म्हणजे पाठ बंद, आवाज बाहेर कमी सांडणारे) हेडफोन आणि चार जणांना आवाज वाटून देणारा एक हेडफोन अ‍ॅम्प घेतला, सगळं मिळून १८ हजारांच्या आसपास. कंपनीचं नाव लिहीत नाही, वॉरंटीचा वाद अजून मिटलेला नाही. क्लोज्ड-बॅकच का, हे एकाच खोलीत गाणं आणि वाद्यं घेणाऱ्याला सांगायला नको. ओपन हेडफोन ऐकायला कितीही गोड असला तरी त्यातली क्लिक (तालासाठी कानात वाजणारी टिकटिक) सरळ गायकाच्या माइकमध्ये शिरते, आणि नंतर ती काढता काढता रात्र जाते.

पहिले सहा महिने मी खूश होतो. घुमट, शामेळ (काठ्यांनी वाजवायचं चर्मवाद्य) आणि कांसाळें (झांजा) एकत्र सुरू झाली की खोलीत स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. त्यातही वाजवणाऱ्या मुलांना क्लिक नीट कळत होती. एक मुलगा स्वतःचे ब्लूटूथ इअरबड घेऊन आला होता, त्याला ते खिशात ठेवायला लावले. वायरलेसमध्ये आवाज शंभर-दीडशे मिलीसेकंद सहज मागे पडतो. आवाज एका मिलीसेकंदात हवेतून साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे त्याला क्लिक पस्तीस ते पन्नास मीटर लांबच्या देवळातून ऐकू आल्यासारखी. त्यावर ठेका धरून दाखवा.

आता गाद्या. टेक चालू असताना पंखा बंद, एसी बंद. आपल्याकडचा दमटपणा, त्यात माणसाचा घाम आणि डोक्याला खोबरेल तेल. मे महिन्यात पहिल्या जोडीला सुरकुत्या दिसल्या तेव्हा मी सगळं खापर तेलावर फोडलं. "रेकॉर्डिंगला येताना तेल लावू नका" अशी पाटीसुद्धा दारावर लावली. दोन बायका त्यावरून रुसल्या, एकीने तर पुढचं काम म्हापशाला नेलं.

पाटी आता काढली आहे, कारण चूक माझी होती. चौथा हेडफोन मी "पाहुण्यांसाठी" म्हणून खोक्यातच जपून ठेवला होता. एका माणसाच्याही कानाला न लागलेला. जुलैत उघडला तर त्याच्याही गाद्या बोटाला काळ्या लागल्या. मग लक्षात आलं की हे चामडं नव्हेच, कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ थर आहे, आणि तो हवेतल्या ओलाव्यानेच हळूहळू विघटित होतो. घाम आणि तेल त्याला घाई करतात, एवढंच. जपून ठेवून मी काहीच वाचवलं नाही. घुमटाचं कातडं पावसात सैल पडलं तर शेकून घेता येतं, याचं ते पण नाही.

कंपनीचं उत्तर: गाद्या "झिजणारा भाग", वॉरंटीत येत नाहीत. मी फोटो पाठवले, बिल पाठवलं, न वापरलेल्या हेडफोनचं खोकंसुद्धा दाखवलं. तीन मेलला तेच उत्तर, फक्त खालचं नाव वेगळं. मूळ गाद्यांच्या चार जोड्या घ्यायच्या तर एका नव्या हेडफोनच्या वर पैसे जातात.

मग बाजारातल्या मखमली गाद्या आणल्या, ४५० रुपये जोडी. कान थंड, पापुद्रे नाहीत, मी जिंकलो असं वाटलं. पहिल्याच संथ अभंगात, बुवांच्या आलापाखाली, टिक टिक टिक. मखमल कानाला घट्ट बसत नाही, बेसही निसटतो आणि क्लिकही बाहेर येते. एका मित्राचा बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रो आणून पाहिला, त्याला मखमल कारखान्यातूनच येते आणि कप तिच्याच हिशेबाने बनवलेला असतो, त्यामुळे फरक जाणवला. पण त्याचा २५० ओहमचा होता (ओहम जास्त, तर जोरही जास्त लागतो). माझ्या स्वस्त अ‍ॅम्पवर बटण जवळजवळ शेवटपर्यंत फिरवावं लागलं. तुमचा अ‍ॅम्प असाच असेल तर ८० ओहमचा बघा. मी सध्या घेणार नाही, चवथीचे पैसे अजून यायचे आहेत.

सध्याची व्यवस्था अशी: घुमटवाल्यांना मखमल, त्या दणक्यात बाहेर निसटलेली क्लिक कोण ऐकतोय. गायकांना साध्या नकली चामड्याच्या गाद्या, दर वर्षी चवथीआधी बदलायच्या, तो खर्च दरात धरायचा.

अ‍ॅम्पची एक गोष्ट मात्र खटकते. चार बटणं आहेत, पण मिक्स चौघांना एकच. पखवाजवाल्याला क्लिक हवी, बुवांना नकोच, त्यांना तानपुरा आणि पेटी पुरते. म्हणून मी डाव्या बाजूला क्लिक आणि उजव्या बाजूला तानपुरा-पेटी पाठवतो. तरी बुवा जुन्या सवयीने डावा कान मोकळा ठेवून गायचे आणि तो मोकळा कप माइकच्या दिशेला टकटकत बसायचा.

जूनमध्ये कोणाचा तरी पाय वायरीत अडकला आणि एका हेडफोनची डावी बाजू कायमची बंद पडली. दुरुस्तीला सर्व्हिस सेंटर मुंबईत, कुरिअर आपल्या खर्चाने. मी तो फेकणार होतो, पण एक दिवस बाकीचे अडकलेले असताना बुवांना तोच दिला. क्लिक गायब, माइक स्वच्छ, बुवा एकदम सुरात. तेव्हापासून आले की आधी तोच मागतात.

मी नवीन जोडी पुढे केली तर हात झटकून म्हणाले, "म्हाका एकूच कान पुरो."

त्याच्या उजव्या कानाला नवी गादी घातली आहे. डावीकडची जुनीच ठेवली, त्या बाजूला आता टोपीच्या आत रुमाल असतो.